फियाटमधली आबांची बाजू

नंदाबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांचे फक्त पायच दिसले.

वडगावात जुन्या हायवेला लागून श्रीपती म्हाळसकरांचं गॅरेज आहे. शेजारच्या मांजरीने माझ्या स्कूटीच्या सीटवर नखं घासून तिच्या चिंध्या केल्या होत्या. ती शिवून मिळते का, हे विचारायला मी तिथे गेले होते. मागच्या शेडमध्ये एक फिकट पिवळी फियाट उभी होती. तिच्या उघड्या दारातून दोन पाय बाहेर आलेले होते. बोटांत जोडवी, टाचांना भेगा, साडी घोट्याच्या वर खोचलेली. आतून आवाज आला, "बारा-तेराचा पाना द्या जरा."

मी आजूबाजूला पाहिलं. माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. जमिनीवर गोणपाटावर पाने ओळीने मांडले होते. मी एक उचलून बाहेर आलेल्या हातात दिला.

"ह्यो चौदा-पंधरा हाय, भाऊ."

मी चष्मा पुसला आणि दुसरा दिला. बोल्ट कुरकुरला, सुटला, आणि मग पायांच्या मागोमाग बाकीच्या नंदाबाई बाहेर आल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, कपाळावर गंजाचा पट्टा. मला पाहून त्यांनी आधी खोचलेला पदर सोडला आणि मग म्हणाल्या, "अगं बया. तुमी तर सारिकाच्या बाई. मला वाटलं श्रीपतीभाऊच हाईत."

सारिका शेटे नवलाख उंबरे गावच्या शाळेत दोन वर्षं माझ्या वर्गात होती. पालकसभेला तिची आजी यायची आणि मागच्या भिंतीला टेकून झोपायची. आई कंपनीत आहे, एवढंच मला माहीत होतं. ती आई इतक्या वर्षांनी अशी भेटली.

नंदाबाई ज्या कारखान्यात होत्या, तिथे नव्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली जात. अकरा वर्षं त्यांनी एकच शिवण घातली. पाठीच्या कव्हराची डावी उभी शिवण. तुकडा उजवीकडून यायचा, शिवला की डावीकडे जायचा. "आख्खी सीट कशी दिसती ती मी कंपनीत कदी बघितलीच न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदा लग्नाला जाताना जीपमदी बसले तवा पाठीमागं हात घालून बघितला. म्हनलं, ही आपली शिवण कुटं जाती ते तरी कळंल."

दोन वर्षांपूर्वी ते काम बंद झालं. मग श्रीपतींच्या शेडमध्ये गाद्या करणारे एक कारागीर होते, त्यांच्याकडे नंदाबाई कव्हरं शिवायला येऊ लागल्या. शिवता शिवता त्या सगळं पाहत होत्या: सीट कशी उचकटायची, स्प्रिंग कशी बांधायची, काथ्या किती पसरायचा. ते कारागीर चाकणला गेले आणि शेड रिकामी झाली. नंदाबाईंनी श्रीपतींना सरळ विचारलं, ही शेड मला द्याल का?

श्रीपती मनाने वाईट नाहीत, पण घाईने कशालाही हो म्हणत नाहीत. त्यांनी अट घातली, ती त्यांनी माझ्यासमोरच पुन्हा बोलून दाखवली. "बाई, मी ह्यांना सांगितलंय. शिवण तुमची झ्याक हाय, त्यात वाद न्हाई. पर गाडी म्हंजी परकर न्हाई. एक गाडी पुरी करून दावा. काढायची तुमी, भरायची तुमी, बसवायची तुमी. गिऱ्हाईक राजी झालं तर शेड तुमची. न्हाई तर पिंपरीचा एक जण तयारच हाय."

"आणि नाही जमलं तर?" मी नंदाबाईंना विचारलं.

"आंबी गावच्या कंपनीत पॅकिंगचं काम हाय. खोकं उचल, खोकं ठेव." एवढं बोलून त्या दुसऱ्या बोल्टकडे वळल्या. त्यापुढे काही सांगायची गरज नव्हती.

ती फियाट मी ओळखत होते. लोणावळ्याचे अमृतराव केदारी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यांची ती. त्यांच्या पत्नी अनिताबाई काही वर्षं माझ्याबरोबर शिकवायला होत्या. चाळीसेक वर्षं ती गाडी अमृतरावांनी एकट्यांनी चालवली. पुढची सीट सलग, बाकासारखी. एका बाजूला अमृतराव, दुसऱ्या बाजूला अनिताबाई, आणि मध्ये डब्याची पिशवी.

माझ्या स्कूटीची सीट नंदाबाईंनी दुसऱ्याच दिवशी करून दिली, पण मी तिसऱ्या दिवशीही गेले आणि चौथ्याही. निवृत्त माणसाला कुणी मन लावून काम करताना दिसलं की तिथून हलवत नाही.

नंदाबाईंनी पुढची सीट उलटी घालून रेक्झिन उसवलं. कात्री लावली नाही, एकेक टाका ब्लेडने तोडला, कारण जुने तुकडे हेच नव्याचं माप. आत सापडलं ते एका पिशवीत बांधून ठेवलं: चिंचोके, केसांच्या दोन पिना, दहा पैशांचं नाणं आणि लोकलचं एक तिकीट. मग तुकड्यांवर खडूने लिहायला बसल्या. सीट उलटी झाली की डावं उजवं होतं आणि घोटाळा होतो, म्हणून त्यांनी डावं-उजवं लिहिलंच नाही. अमृतरावांकडच्या तुकड्यांवर 'आबा' लिहिलं, अनिताबाईंकडच्या तुकड्यांवर 'आजी'.

"आबाचा हा तुकडा बघा," त्या मला म्हणाल्या. "पार ताणून गेलाय. चार बोटं खोल."

तो ताण त्यांनी मापात धरलाच नाही. नवा तुकडा दोन्ही बाजूंना सारखा कापला. मलाही ते बरोबरच वाटलं.

सांगाडा तारेच्या ब्रशने घासून त्याला लाल रंग दिला. सहा स्प्रिंगा तुटल्या होत्या, त्या बदलल्या. वर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर फोम. इथे मात्र त्यांचा हात थांबेना. काथ्या दाबून भरला, पुन्हा भरला. फोमचा एक थर घातला, हाताने दाबून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि दुसरा थर घातला.

"जास्त होत नाही ना?" मी विचारलं.

त्यावर नंदाबाईंनी मला त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगितली. आईने ऐपतीप्रमाणे गादी दिली होती, कापूस जरा कमी पडला. वरातीबरोबर गादी सासरी पोहोचली तेव्हा चुलत सासूने ती चारचौघांत उचलून पाहिली आणि विचारलं, "गादी दिलीया का पापड?" पुढे कितीतरी वर्षं घरात पाहुणे आले की कुणीतरी हसत म्हणायचं, पापड घाला गं पाहुण्यांना बसायला. "मी बी हसायचे," नंदाबाई म्हणाल्या. "सारिकाच्या लग्नात मी अशी गादी दिली, दोघांनी उचलावी लागली. माझ्या हातनं पापड जायाचा न्हाई, बाई."

आठव्या दिवशी सीट गाडीत बसली. तपकिरी रेक्झिन, पांढरी किनार, एकही सुरकुती नाही. श्रीपतींनी सगळीकडून हात फिरवला आणि एकदा मान डोलावली. त्यांच्या बाबतीत हे कौतुकच.

केदारी नवराबायको लोकलने आले. अमृतराव अंगाने बुटके आहेत. ते आत चढून बसले, बसले म्हणजे जवळजवळ वर ठेवले गेले. अनिताबाईंनी बाहेरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही उंच झालात. लग्नाच्या वेळी असे असतात तर माझ्या वडिलांनी एवढा विचार केला नसता."

सगळे हसले. अमृतरावही हसले, "छान झालीय" म्हणाले आणि गाडी चालू केली. गाडी दोनदा गचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा ते घसरत पुढे सरकले, क्लचवर पाय पोहोचवला, आणि मग त्यांना समोरचं दिसेना. सीट पुढे ओढून पाहिली, तर स्टिअरिंग पोटात. ते खाली उतरले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "काम उत्तम आहे हो. पण मला ही चालवता येणार नाही."

कुणी चढ्या आवाजात बोललं असतं तर बरं झालं असतं. श्रीपतींनी खिशातून मोबाईल काढला आणि नुसता हातात धरला. पिंपरीचा माणूस त्या मोबाईलमध्येच आहे, हे नंदाबाईंना कळत होतं. त्यांचा चेहरा फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलेल्या मुलासारखा झाला. अशी मुलं दोन प्रकारची असतात. काही हात मागे घेतात. काही डस्टर मागतात.

"भाऊ, आजचा दिवस द्या," नंदाबाई म्हणाल्या. "आबा, तुमी बी जाऊ नका."

त्यांनी सीट पुन्हा बाहेर काढली. या वेळी पाना द्यायला कुणी लागलं नाही. आबांच्या बाजूचं कव्हर अर्धं सोडवलं आणि सीट शेडमध्ये चार विटांवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "बसा."

अमृतराव ताठ बसले.

"असं न्हाई. फोटू काढायचा न्हाई आपल्याला. घरी चहा पिताना बसता तसं."

श्रीपतींनी चहा मागवला. अमृतरावांनी कप घेतला आणि त्यांचे खांदे खाली आले, अंग किंचित उजवीकडे कललं. "हां, आता ऱ्हावा," म्हणत नंदाबाईंनी त्यांच्या मांडीखाली पंजा सरकवला, त्यांना उठवलं, फोमचा एक पातळ पापुद्रा कापून काढला, पुन्हा बसवलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. उठा आबा, बसा आबा. अमृतराव म्हणाले, रेल्वेच्या डॉक्टरनेसुद्धा आपल्याला इतकं तपासलं नव्हतं.

वरचा फोमचा थर सगळा गेला. काथ्याही निघू लागला. मग नंदाबाईंनी तो ताणलेला जुना तुकडा आणला, आबांच्या बाजूवर पसरला आणि चार बोटांची खोली कुठे येते ते बोटांनी चाचपलं. खळगा बरोबर मध्ये नव्हता. तो उजवीकडे होता, अमृतराव कलतात तिकडे.

"हे दोष म्हनून काडलं मी," त्या स्वतःशीच बोलल्या. "हे तर माप हुतं."

अनिताबाई स्टुलावर बसून हे पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "माझ्या बाजूचं काय?"

"तुमाला कशी वाटती?"

"मला अशी गच्चच हवी. चाळीस वर्षं ह्यांच्या खड्ड्यात घरंगळत होते मी."

तेव्हा आजींची बाजू भरदारच राहिली. मधल्या जोडापाशी उंची हळूहळू उतरवली आणि आबांच्या बाजूसाठी वेगळा तुकडा कापला. मशीनवर बसण्याआधी नंदाबाई आबांच्या बाजूला उरलेल्या पातळ थराकडे बघत थांबल्या. मग म्हणाल्या, "हाय तर हाय. पापडच हाय." आणि पाय मारला.

चार वाजता फियाट शेडमधून निघाली. अमृतरावांनी क्लच पूर्ण दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हायवेवर पेट्रोल पंपापर्यंत जाऊन ते परत आले. खाली उतरले नाहीत, खिडकीतूनच म्हणाले, "माझी गाडी मिळाली." अनिताबाई शेजारी त्यांच्यापेक्षा तीन बोटं उंच बसल्या होत्या आणि ते त्यांना मनापासून आवडलेलं दिसत होतं. लोणावळ्याच्या बाजूला वळेपर्यंत गाडी आम्हाला दिसत होती.

श्रीपतींनी मोबाईल खिशात ठेवला. "पिंपरीवाल्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, जागा न्हाई," नंदाबाई म्हणाल्या आणि सांडलेला काथ्या झाडायला लागल्या.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. शेड नंदाबाईंकडे आहे. रविवार सोडून रोज साडेनऊला त्या बसने येतात, आणि सीट करायला टाकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की गाडी ठेवून जाऊ नका, जो चालवतो त्याने एकदा येऊन बसायचं.