कार्ल्याचा अ‍ॅम्प्लिफायर मी आणला नाही

मंडळी, आज रिकाम्या हाताने परत आलो आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये.

जुने अ‍ॅम्प्लिफायर घेऊन, दुरुस्त करून विकतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुठल्या कोर्सला गेलो नाही, पण नुसती बटणं बघून मशीन कसं वापरलंय ते सांगतो.

सकाळी कार्ल्याला एका आबांचा सेट बघायला गेलो होतो. आबांना आता फारच कमी ऐकू येतं, म्हणून विकायचा होता.

सेट चकाचक. पण बॅलन्सचं बटण पार डावीकडे, म्हणजे सगळा आवाज एकाच स्पीकरमधून. मी ते मधोमध आणलं आणि जरा तोऱ्यातच ओरडून विचारलं, "आबा, हे असं चुकीचं कुणी लावलं?"

"मीच. डावा डबा सैपाकघरात हाय. ही तितं भाकऱ्या थापती. तिला ऐकू जाया पायजे."

मावशी पिठाच्या हातानं दारात आल्या. "अवो, मला वाटलं उजवा बिघडलाय! इतक्या वर्सात बोलला न्हाईत?" मग आबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आन् इकताय कुणाला इचारून? माजे कान शाबूत हायेत की!"

आबा चक्क लाजले.

मी बटणात क्लीनर मारून खरखर घालवली आणि ते पुन्हा पार डावीकडे फिरवून ठेवलं. बॅलन्स मध्यावरच हवा, असं आजवर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलोय.

तुमच्या घरात आवाज कुणासाठी लावलेला असतो?