चौबळांचा खिशातला अँप्लिफायर

सदर इसमाचे नाव हरिहर दत्तात्रेय चौबळ. राहणार डोंबिवली पूर्व, मानपाडा रस्त्यापासून आत, दुसरा मजला. वय साठ पूर्ण. वर्ण गव्हाळ, बांधा किरकोळ. वजनमापे निरीक्षक म्हणून सेवा करून नियत वयोमानानुसार निवृत्त. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जुना व्रण, तसेच सदऱ्याच्या खिशात काळी डबी व तीमधून दोन्ही कानांकडे गेलेली वायर. डबीचे प्रयोजन : व्यक्तिगत संगीतश्रवण. दृष्टी चष्म्यासह ठीक. घ्राणशक्ती तीव्र. श्रवणशक्ती उत्तम, इसमाच्या स्वतःच्या निवेदनानुसार.

हे वर्णन चौबळांनी स्वतःच लिहून दिलं. आमच्या श्रवण मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९९४ साली स्मरणिका निघायची होती आणि प्रत्येक सभासदाने आपला परिचय द्यावा असं ठरलं होतं. बाकीच्यांनी लहानपणापासून सुरांचं वेड, आईच्या ओव्या वगैरे लिहून दिलं. चौबळांनी हे दिलं. जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासून शिक्के मारलेल्या माणसाकडून याहून हळवं काही निघणं शक्य नव्हतं.

मंडळाचं काम साधं होतं. रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचं, टेपवर एखादी मैफल लावायची आणि ती संपली की आपण ती कशी ऐकायला हवी होती हे चौबळांकडून समजून घ्यायचं. त्यांचा कान ही गावाची मालमत्ता होती. कुणी मुलीसाठी तानपुरा घ्यायला निघालं की आधी चौबळांना घेऊन जाई. गायनाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून ते ठरलेलेच. पंचम केसभर उतरलाय, असं ते डोळे मिटून सांगत आणि तो केसभर उतरलेला असे. या बाबतीत ते खरोखरच बरोबर असत, हे नमूद करणं भाग आहे.

१९९०च्या सुमारास देशातल्या तानपुऱ्यांची जवारी बिघडायला लागली. जवारी म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेली ती बारीक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण. ती नसली तर तानपुरा नुसता टणटण बोलतो. चौबळांना ती आधी नव्या कॅसेटांमधून नाहीशी झालेली आढळली आणि नंतर जुन्या कॅसेटांमधूनही. कारागीर आळशी झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पंचावन्न सालच्या मैफलीतला कारागीर एक्क्याण्णव साली कसा आळशी झाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. उलट मंडळात या विषयावर त्यांचं तासाभराचं व्याख्यान ठेवलं. अध्यक्षांनी समारोपात सांगितलं की आपल्यालाही अलीकडे अगदी असंच वाटतं. टाळ्या झाल्या. याला आमच्याकडे मोठ्यांचा मान ठेवणं म्हणतात.

घरी मान ठेवणं इतकं सोपं नव्हतं. तिथे सरोजबाई होत्या, म्हणजे चौबळांच्या पत्नी, आणि त्यांना नवऱ्याशी बोलायला लागायचं. आधी त्या जरा मोठ्याने बोलू लागल्या, मग बऱ्याच, मग ओरडून. एकदा त्यांनी पुतण्याला मुलीकडून नकार आल्याचं नवऱ्याला सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत इमारतीतून तीन नवी स्थळं सुचवली गेली. तळमजल्यावरच्या सखुबाईंनी तर पत्रिकाच आणून दिली. तेव्हापासून सरोजबाईंनी ओरडण्याजोगं असेल तेवढंच बोलायचं ठरवलं. दूध आलं. गॅस संपला. पाणी जाणार आहे. पस्तीस वर्षांचा संसार एवढ्यावर चालू लागला. चालतो, असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

एक वाक्य मात्र कुठल्याच आवाजात बसत नव्हतं. तुम्हाला ऐकू येत नाही, हे ते वाक्य. हळू सांगावं तर ते नवऱ्यापर्यंत पोचत नाही. ओरडून सांगावं तर नवऱ्याच्या आधी इमारतीला पोचतं, आणि तिथून रविवारी मंडळात. हे एक वाक्य आपल्याला हळू सांगता यावं, एवढीच त्या बाईंची देवाकडे मागणी होती. ती फार मोठी होती असं म्हणता येणार नाही.

कानातला मळ काढायचा म्हणून त्या त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि पुढ्यात श्रवणयंत्र ठेवलं. त्या काळचं ते यंत्र म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि तिच्यापासून एका कानापर्यंत गेलेली वायर. चौबळांनी डबी हातात घेतली, सवयीने उलटी करून तिच्यावर नंबर आहे का ते पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि परत ठेवली.

"यात स्टिरिओ नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांची प्रॅक्टिस जुनी होती, पण या कारणावरून यंत्र नाकारणारा पेशंट त्यांना पहिलाच भेटला असावा. परतीच्या वाटेवर चौबळ म्हणाले, डॉक्टर हुशार आहे, गाण्यातलं मात्र कळत नाही.

दिवाळीत मस्कतहून आलेल्या पुतण्याने वॉकमन दिला. चौबळांनी तो पूर्ण आवाजावर लावला तरी जवारी येईना. आता कारागिरांना दोष देऊन भागणार नव्हतं. त्यांनी नीट विचार केला आणि दोष सापडला : वॉकमनची ताकद कमी पडते. हेडफोनला वेगळा अँप्लिफायर हवा. तो सदऱ्याच्या खिशात मावावा, त्याला खरखर नसावी, दोन्ही कानांचं काम वेगवेगळं असावं आणि वरचे स्वर झाकोळू नयेत. अशी वस्तू तेव्हा डोंबिवलीत कुणी पाहिलेली नव्हती. दुकानदार अँप्लिफायर म्हटलं की गणपतीच्या मांडवातला दाखवत.

निवड वर्षभर चालली. पहिली डबी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळाली, जपानी म्हणून. तपासणीची पद्धत ठरलेली होती. मारव्याची एकच कॅसेट, तिच्यातली सुरुवातीची नुसत्या तानपुऱ्याची जागा, डोळे बंद, उजव्या हाताचं बोट उभं. जवारी आली की बोट हलायचं. ते हललं नाही. दुसरी डबी पुतण्याने मस्कतहून पाठवली. तिच्यावर बूस्टर असं लिहिलेलं होतं, आणि तिने तबल्याचा डग्गा एवढा वाढवला की चौबळांचा चष्मा थरथरला. डग्ग्यासाठी उत्तम आहे, गाण्यासाठी अपात्र, असा निकाल त्यांनी दिला. या सगळ्या तपासण्यांच्या वेळी सरोजबाई समोरच्या खुर्चीवर भाजी निवडत बसलेल्या असत आणि चौबळांच्या कानांवरच्या हेडफोनमधला मारवा त्यांना तिथून स्वच्छ ऐकू येई. जवारीसकट.

वरच्या मजल्यावर नीला खोपकर राहायची. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि मानपाड्याच्या एका कारखान्यात ती कंट्रोल पॅनेलची जोडणी बघायची. घरीही तिचं सोल्डरिंग चालू असे. एका दुपारी सरोजबाई अळूवड्या घेऊन वर गेल्या आणि बऱ्याच दिवसांनी माणसासारख्या आवाजात बोलायला मिळतंय म्हणून जरा जास्तच वेळ बोलल्या. सगळं सांगून झालं.

"श्रवणयंत्र म्हटलंस की संपलं बघ," त्या म्हणाल्या. "अँप्लिफायर म्हणून काय ते करून दे."

"काकू, आतून दोन्ही जवळजवळ एकच असतं."

"मग बाहेरून नीट कर."

नीलाने बाहेरून नीट केलं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, चौकोनी बॅटरी, वॉकमन जोडायला वायर. वरच्या स्वरांना तिने भरपूर रेटा दिला होता. शिवाय हेडफोनच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक माइक लावून बटण ठेवलं होतं : इकडे केलं की टेप, तिकडे केलं की बाहेरचा आवाज. माइक कशाला, असं चौबळांनी विचारलंच. नीलाने न अडखळता सांगितलं की काका, तुम्ही रस्त्याने गाणं ऐकत जाणार, मागून रिक्षा आली तर कळायला नको? चौबळांनी डबी उलटी करून पाहिली. सुरक्षेची तरतूद जपान्यांनाही सुचली नाही, असं ते म्हणाले. मग मारवा लावला. बोट उभं राहिलं, आणि काही वेळाने हललं. फार नाही, पण हललं.

"कारागीर चांगला आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. हे नीलाला उद्देशून होतं की तानपुरा करणाऱ्याला, ते कळलं नाही.

डबी मंजूर झाली. चौबळ ती खिशात घालून बटण बाहेरच्या बाजूला ठेवून गॅलरीत बसू लागले; सुरक्षेची तरतूद काम करते की नाही ते पाहत होते म्हणे. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात अडकवला आणि पेपर वाचायला घेतला. त्याबरोबर इमारतीत एक बारीक, सणसणीत शिट्टी सुरू झाली. माइक आणि हेडफोन असे एकमेकांच्या तोंडाशी आले की त्यांची ती जातच असते. पण हे इमारतीला कुठून ठाऊक असणार? सखुबाईंनी कुकर उतरवून पाहिला. कुणी पाण्याचा पंप बंद केला. गल्लीतला कुत्रा चौबळांच्या गॅलरीखाली येऊन मान वर करून भुंकायला लागला. चौबळांनी पेपरचं पान उलटलं.

कारखान्यातून येणाऱ्या नीलाला कोपऱ्यावरच उलगडा झाला. ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट चौबळांकडे आली, डबी उघडून आतलं काहीतरी कमी केलं, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला. कुत्रा गप्प झाला.

"थांबली ना काका शिट्टी?"

"कसली शिट्टी?" चौबळ म्हणाले.

सरोजबाई उठल्या, त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, नवऱ्याजवळ खुर्ची ओढली आणि जणू दुसऱ्या खोलीत मूल झोपलं आहे अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

चौबळांनी खिशातल्या डबीकडे पाहिलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "आणि जरा हळू बोल, या डबीचा आवाज मोठा आहे."

मग चौबळांनी बायकोला मंडळात यातलं काही बोलू नकोस असं सांगितलं.

"मंडळात सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुमच्या त्या जवारीच्या व्याख्यानापासून."

"टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी."

"वाजवणारच. दर रविवारी तोंड बघायचं असतं एकमेकांचं."

चौबळांनी चष्मा काढून पुसला. नीला घट्ट बसलेलाच एक स्क्रू पुन्हा घट्ट करत होती. हे सगळं आम्हाला ठाऊक आहे ते तिच्यामुळे. मग त्यांनी विचारलं, "आणि तुला? तुला काय वाटायचं एवढे दिवस?"

"ते सांगायला ओरडावं लागलं असतं."

"मग आता सांग."

सरोजबाईंनी नीलाकडे पाहिलं. नीला स्क्रू ड्रायव्हर उचलून वर गेली. पुढे काय बोलणं झालं ते तिला माहीत नाही, सखुबाईंना माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. चौबळांच्या घरातली न ऐकलेली अशी गोष्ट इमारतीला बऱ्याच वर्षांनी मिळाली, आणि काही दिवस लोकांना ते जडही गेलं.

पुढच्या रविवारी चौबळ डबी खिशात आणि हेडफोन कानांवर घालून मंडळात आले. आता त्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हालाही ते कळलं. तरी अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, हे काय नवीन? चौबळ म्हणाले, अँप्लिफायर. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने किंमत विचारली, दुसऱ्याने बॅटरी किती दिवस जाते ते विचारलं. टेप सुरू असताना चौबळांनी डोळे मिटून ऐकलं आणि ती संपल्यावर, आज मला काही सांगायचं नाही, तुम्हीच सांगा, असं ते म्हणाले. असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. कुणालाच काही सांगता येईना, तेव्हा चहा लवकर आणला. स्पर्धेच्या परीक्षकपदातून त्यांनी त्याच महिन्यात वयाच्या कारणावरून अंग काढून घेतलं. संध्याकाळी मात्र ते दोघं फिरायला जाऊ लागले. सरोजबाई बोलत असत आणि चौबळ, कानांवर हेडफोन, बटण बाहेरच्या बाजूला, ऐकत असत. मागून येणाऱ्या रिक्षा त्यांना खरोखरच कळत.

स्मरणिका वेळेवर निघाली. चौबळांचा परिचय त्यांनी दिला तसाच छापला आणि त्याखाली संपादक मंडळाने आपली ओळ जोडली : 'अद्ययावत वर्धकाच्या साहाय्याने व्यक्तिगत संगीतश्रवण करणारे श्री. ह. द. चौबळ हे डोंबिवली परिसरातील पहिले रसिक होत, याची मंडळास साभिमान नोंद घ्यावीशी वाटते.'

डबीला जोडायचा चौबळांचा वॉकमन तेव्हा दोन महिन्यांपासून टिटवाळ्याला त्यांच्या मेव्हण्याकडे होता.