सरपंचबाईंच्या दारातली दगडफेक

नोकरीत गुन्हे शेकडो लिहिले आणि बहुतेक विसरलोही. पण एका सरपंचबाईंच्या घरावर झालेली दगडफेक काही केल्या डोक्यातून जात नाही. निवृत्त माणसाला लोक व्याख्यानाला बोलावतात आणि शेवटी कोणीतरी उठून विचारतोच, "साहेब, आजच्या राजकारणात सत्य-अहिंसा चालते का हो?" मी पाणी पितो, घसा साफ करतो आणि दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. कारण खरं उत्तर मला माहीत नाही.

तेव्हा मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावच्या सरपंच पूर्वी अंगणवाडी चालवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. न झालेल्या रस्त्याच्या कागदावर सही करायची नाही आणि शिव्या देणाऱ्यालाही अहो-जाहो करायचं, एवढंच त्यांचं राजकारण. अशा माणसावर अविश्वास ठराव येणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? विरोधी पुढाऱ्याने नऊपैकी सात सदस्य गोळा केले. ठराव पास व्हायला सातही मतं लागत होती. मग आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, मतदानापर्यंत कोणी फुटू नये म्हणून, सातही जणांना गाडीत घालून देवदर्शनाला नेलं.

सभा गुरुवारी होती. मंगळवारी दिवेलागणीला बाईंच्या घरावर दगड पडले. खिडकीच्या काचा गेल्या, पाण्याची टाकी फुटली आणि एक दगड बाईंच्या कपाळाला लागला. पाच टाके पडले. सकाळपर्यंत बाईंचा पट्टी बांधलेला फोटो तालुक्याच्या प्रत्येक मोबाईलवर. देवदर्शनाला गेलेल्या दोघा सदस्यांना त्यांच्या बायकांनीच फोनवर झापलं, "बाईमाणसाचं डोकं फोडनाऱ्यांसंगं फिरताय व्हय? आदी घरी या." दोघे मिळेल त्या एसटीने परतले. आता ठराव पडणार हे उघड होतं.

बुधवारी सकाळी माझ्या खबऱ्याचा फोन आला. खबऱ्या म्हणजे स्टँडवरचा चहावाला. "साहेब, पुढाऱ्याची गाडी काल सांजच्याला गावात हुती. डायवर एकलाच हुता. रातीला हितंच मुक्काम केला, अजून गावातच हाय."

झालं! पुढारी दोनशे किलोमीटरवर देवळात आणि त्याची गाडी इथे. मला वाटलं, सुटलं कोडं. तासाभरात ड्रायव्हर ठाण्यात आणला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, घाबरट माणूस.

"काल का आलास गावात?"

"गोळ्या न्यायला, साहेब. एका मेंबरच्या शुगरच्या गोळ्या घरी ऱ्हायल्या हुत्या."

"शुगरच्या गोळ्या न्यायला दोनशे किलोमीटर?"

"मेंबर रुसला तर मत जायचं ना, साहेब! मालकानंच पिटाळलं."

मी हसलो. त्याला पालथा पाडला आणि तळपायावर पट्टा चालवला. चार की पाच, मोजले नाहीत. तो ओरडत राहिला, "गोळ्या, साहेब, आईच्यान गोळ्याच!" सराईत आहे, असं माझं मत झालं. अटक दाखवली नाही, नुसताच बसवून ठेवला.

दुपारी राहिलेला पंचनामा करायला बाईंच्या घरी गेलो. पंच दोघे सावलीला उभे, हवालदार फूटपट्टी घेऊन काचा मोजतोय आणि मी इकडेतिकडे बघतोय. दारापुढे शेळ्यांच्या दावणीच्या खुंट्या होत्या, लेंड्या होत्या, अर्धवट खाल्लेला पाला होता. शेळ्या मात्र नव्हत्या. शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"माज्या परसात हायेत की. काल दुपारीच बांधून गेला त्यो, बाईंचा धाकला दीर. म्हनला, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या."

मी पंचवीस वर्षांत पुष्कळ दगडफेकी पाहिल्या होत्या. आधी शेळ्या हलवून मग दगड मारणारा शत्रू पाहिला नव्हता.

दिराला ओसरीवरच बसवलं. पट्टा नाही, आवाजही चढवला नाही. एकच विचारलं, "शेळ्या का हलवल्या रे?" तो आधी म्हणाला, ऊन होतं. मग म्हणाला, पाला संपला होता. मग एवढा मोठा बाप्या हमसून हमसून रडायला लागला. "वैनी बचत गटात बसनार हुती, साहेब. घरात हाय हे मला ठावं नव्हतं. चार काचा फुटल्या की लोक परत फिरतील, येवढंच मनात हुतं. तिची सही गेली तर गावाचं पार वाटोळं हुईल."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दिराच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि आत जाऊन बसल्या.

मी त्यांना संध्याकाळी ठाण्यात बोलावलं. हवालदाराला बाहेर काढलं आणि जन्मात कोणाला दिला नसेल असा सल्ला दिला. "बाई, उद्या अकराला सभा आहे. तुमच्या दिराचं मी उद्या संध्याकाळी कागदावर घेतो. तोपर्यंत कोणी काही बोलायचं नाही." खरंच सांगतो, त्या बाई खुर्चीवर राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"आन त्यो डायवर?"

"बसेल अजून एक रात्र. मरत नाही काही."

"त्यानं का म्हून बसावं, साहेब?" त्यांनी व्हरांड्याकडे बोट दाखवलं. "मी येताना बगितलं त्याला. पाय टेकवता येत न्हाई. माज्या घरचा दगड, आन मार खाल्ला त्यानं."

"बाई, खुर्ची जाईल."

"जाईल की. मला बी लई वाईट वाटंल. पन आदी त्याला सोडा."

सोडला. दिरावर गुन्हा त्याच संध्याकाळी दाखल केला. तरी बाई गप्प बसल्या असत्या तर सकाळी अकरापर्यंत सदस्यांना कळलंही नसतं. पण सभेत तहसीलदारांनी ठराव वाचायच्या आधीच बाई उठल्या आणि म्हणाल्या, "दगड आमच्याच घरातल्यानं मारले. विरोधकांचा त्यात हात न्हाई. आता कुनाला मत द्यायचं ते द्या." एसटीने परतलेले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "म्हंजे आमाला येडंच बनवलं की!" ठराव सात विरुद्ध दोन मतांनी पास झाला.

बंदोबस्ताला मीच होतो. गुलाल उधळत मिरवणूक बाईंच्या घरासमोर मुद्दाम थांबली. सर्वात पुढे तो ड्रायव्हर, लंगडत लंगडत नाचत होता. ज्यांच्यामुळे सुटला त्यांच्याच दारात. मला इतका संताप आला, की परत उचलावा असं वाटलं.

आठवड्याने बाई दिराच्या जामिनाच्या कागदासाठी ठाण्यात आल्या. मी उठून खुर्ची दिली आणि म्हणालो, "बाई, एवढं खरं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही." त्या संकोचल्या. मग विचारलं, "साहेब, त्या डायवरला मारलं, ते कुटं लिवलंय का?"

"त्याची तक्रारच नाही, बाई."

"त्यो कसा करंल? तुमाला भितो. तुमीच लिवा की."

मी हसण्यावारी नेलं. "बाई, तुम्ही घरी बसलात, आता मलाही बसवता का?"

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. "न्हाई वो, आपलं इचारलं," म्हणाल्या आणि कागद घेऊन गेल्या.

पुढे त्या गावात न झालेला रस्ता कागदावर झाला. बाई गप्प राहिल्या असत्या तर तो झाला नसता, हेही खरं. आणि गप्प राहिल्या असत्या तर एक निरपराध माणूस माझ्या व्हरांड्यात सुजलेल्या पायांनी बसून राहिला असता, हेही खरं. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही. त्या हरल्या की काय झालं, मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकांना चूक राजकारणाची दाखवावी म्हटलं, तर मध्ये माझा पट्टा येतो.

मी पूर्ण पेन्शन आणि निष्कलंक सेवापुस्तक घेऊन निवृत्त झालो. ठाण्याच्या डायरीत त्या बुधवारची नोंद अशी आहे: 'संशयित इसमास विचारपूस करून समज देऊन सोडले.' अक्षर माझं आहे.