रूथ आजींच्या भावाचं नाव

लढाईत मेला तरच तो युद्धात मेला, हे कोणी ठरवलं?

काल भाचा प्लॅस्टिकचं बॉम्बर विमान चिकटवत होता. गोंदाच्या उग्र वासाने मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या जुन्या घरातल्या किचन टेबलापाशी नेलं. मी नऊ वर्षांची होते. बाबा आणि मी असंच विमान जोडत होतो, तेवढ्यात शेजारच्या रूथ आजी केळ्याचा केक घेऊन आल्या. विमान बघून त्या खुर्चीत बसल्याच.

“माझा भाऊ यातच गेला.”

“कुठल्या लढाईत?” बाबांनी विचारलं.

“लढाईत नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, ते पहिलं वर्ष होतं. ट्रेनिंगमध्येच विमान मक्याच्या शेतात पडलं. म्हणून गावच्या युद्धस्मारकावर त्याचं नाव घेतलं नाही. आई मरेपर्यंत अर्ज करत होती.”

“मग तो हीरो नाही?” मी विचारलं.

“स्मारकाच्या कमिटीतही तुझ्यासारखेच हुशार लोक होते,” आजी म्हणाल्या.

तेव्हा मला ते कौतुक वाटलं. आज त्या कमिटीची चीड येते, आणि माझीही. अर्धवट शिकवलेली पोरं घाईत बनवलेल्या विमानांत बसवायची, आणि ती मेली की त्याला नुसता अपघात म्हणायचं!

अमेरिकेत तुम्ही राहता त्या गावच्या युद्धस्मारकापाशी जा. ट्रेनिंगमध्ये मेलेल्यांची नावं तिथे नसतील, तर याच आठवड्यात सिटी कौन्सिलला पत्र लिहा.