धरते का?

कुठंही गेले तरी बसण्याआधी नाना टाच आपटायचे. उजव्या पायाची टाच, दोनदा. ठप, ठप. मग मान तिरकी करून क्षणभर ऐकल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "धरते." धरते म्हणजे जमीन धरते. त्यानंतर बसायचे. लग्नाच्या मांडवात तेच, देवळाच्या ओट्यावर तेच. आमच्या घरात तर खाली शहाबादी फरशी होती, तिच्यावरही आपटायचे. मी एकदा चहा देताना वैतागून म्हटलं, "नाना, फरशी आहे ती, फुटायची." तर कप घेत म्हणाले, "फुटली तर फुटली वहिनी, खचायला नको."

जळगावात आमच्या शेजारचं घर त्यांचं. सगळी आळी त्यांना नाना म्हणायची, मीही तेच म्हणते. तरुणपणी सरकी वाहायची त्यांची लॉरी होती. ती गिरणेच्या वाळूत रुतली, वरून नदीला पाणी आलं आणि लॉरी गेली. तेव्हापासून हा माणूस जमिनीवर विश्वास ठेवीनासा झाला. असे एकदा पोळलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. फुंकर मारल्याशिवाय ताकही पीत नाहीत.

त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का. मोठ्या आजारातून उठली ती कमरेखालून लुळी होऊनच. एकाच खोलीत, एकाच खाटेवर, वर्षानुवर्षं. समोर भिंत, भिंतीवर पंचांग. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एक दिवस ती मला म्हणाली, "बाई, ह्या भिंतीवर किती भेगा आहेत ते मी डोळे मिटून सांगीन." नाना दारातच उभे होते. ते चपला घालून बाहेर गेले.

महिनाभरानं त्यांनी काय आणावं? लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या लिलावात निघायच्या, त्यातली एक अवाढव्य गाडी. आळीत शिरताना तिनं आमच्या पायरीचा कोपरा उडवला. माझं डोकंच फिरलं. रस्त्यावर जाऊन मी चांगलं तोंड सोडलं, की ह्या वयात हे काय खूळ, घर विकून आता रणगाडा आणणार का? नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वहिनी, भिंत हलवता येत नाही ना, म्हणून आता घरच हलवायचं."

आणि खरंच त्यांनी त्या गाडीवर घर बांधलं. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आत अक्कासाठी तळाच्या फळ्यांना ठोकलेली खाट, तिला धरून ठेवायला पट्टे, भांड्यांना खुंट्या, पाण्याची टाकी, स्टोव्ह, बाजूच्या दाराच्या पायरीवर डब्यातली तुळस. अक्काच्या खाटेला लागून मोठी खिडकी. तिचं माप त्यांनी कसं घेतलं, सांगू? स्वतः खाटेवर आडवे झाले आणि सुताराला म्हणाले, "मला इथून झाडाचा शेंडाही दिसला पाहिजे आणि बुंधाही." सुतार तोंड दाबून हसत होता. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

लोक तिला घरगाडी म्हणायचे. नाना मात्र घरच म्हणायचे. आत चढण्याआधी दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, "आहे का कोणी घरात?" अक्का आतून म्हणायची, "कोण पाहिजे?" "मालकीणबाई आहेत का?" "त्या बाहेर गेल्यात." रोजचं हे नाटक. पिकल्या केसांची माणसं, पण लाज म्हणून नाही.

गाडी चालवायचे स्वतःच, आणि रस्ता सोडून एक चाक खाली घालायचं झालं तरी आधी उतरून टाच. एकदा आम्ही अजिंठ्याच्या बाजूला निघालो होतो. पहूरजवळ आंब्याची गार सावली दिसली. अक्काला तिथं थांबायचं होतं. नाना उतरले, टाच आपटली, परत आले. नाही म्हणाले. मला जमीन चांगली टणक दिसत होती, मी तसं बोललेही. त्यांनी मला खाली उतरवून टाच मारायला लावली. माझी टाच वीतभर आत गेली, चप्पल तिथंच राहिली. "आपलं घर जड आहे वहिनी," ते म्हणाले, "ह्याला सावली परवडत नाही, दगड लागतो." आम्ही उन्हात भाकरी खाल्ली.

हे एवढं सविस्तर का सांगते, तर तो माणूस बेसावध नव्हता. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा.

अक्काचं माहेर दोंडाईच्याच्या अलीकडे, शिंदखेड्याच्या बाजूला एका खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाणार नाही तर कधी जाणार? निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सासरची नावं घेऊन शिव्यादेखील गातात. आजारापासून अक्काची एकही आखाजी माहेरी झाली नव्हती. तिला बैलगाडीतले धक्के सोसायचे नाहीत. त्या वर्षी नाना म्हणाले, "मालकीणबाई, आखाजीला तुमचं घर तुमच्या माहेरी नेऊन उभं करतो. निंबाखाली. झोका खिडकीतून दिसेल असं." अक्कानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती त्या दिवसापासून गाणी आठवायला लागली. मध्येच एखादी ओळ अडायची, मग मला विचारायची. मला कुठली येतात?

तिच्या सोबतीला मी निघाले. एरंडोल, पारोळा, धुळं. वाटभर पोरं गाडीमागं धावत होती. अक्का खिडकीतून एकेक गोष्ट अशी बघत होती की मला मध्येच तोंड फिरवावं लागलं.

माहेरचं घर गावाबाहेर मळ्यात. पुढं मोठं काळ्या मातीचं आंगण, मधोमध निंब, त्याला झोका बांधलेला. दोन्ही भाऊ, भावजया, सगळं गणगोत वाट बघत उभं होतं. उन्हाळ्यात तिकडची काळी जमीन कशी भेगाळते, ठाऊक आहे ना? हात जाईल अशा भेगा. पण हे आंगण कसं सारवून चोपून गुळगुळीत केलेलं, एक भेग दिसत नव्हती. नाना गाडीतून उतरले, जाऊन टाच आपटली. एकदा नाही, चार-पाच जागी. ठप, ठप. आवाज टणक. अक्का खिडकीतून ओरडली, "धरते का?" त्यांनी हात वर केला. "धरते!"

गाडी आंगणात शिरली. निंबाच्या जवळ आली आणि थांबली. बायकांनी गाणं उचललं. आणि मला वाटलं, मला भोवळ येतेय. समोरची खुंटीवरची भांडी माझ्याकडे झुकायला लागली. कसला आवाज नाही, धक्का नाही. घर आपलं हळूहळू एका कुशीवर कलंडत होतं. मग एकदम सगळं कोसळलं. भांडी, टाकी, स्टोव्ह, मी. मी दारावर जाऊन आदळले आणि दाराची खालची कड जमिनीत रुतून दार अडकलं. अक्का वरच्या बाजूला पट्ट्यांत लटकलेली, पांढरीफटक. चालत्या गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही हा नानांचा नियम होता, म्हणून आम्ही जळलो नाही.

बाहेर आरडाओरडा. मग वरच्या खिडकीत नानांचं तोंड दिसलं. घामानं निथळलेलं. म्हणाले काय? "आहे का कोणी घरात?"

अक्का म्हणाली, "आहे. पण घरच आडवं झालंय."

ज्या खिडकीचं माप त्यांनी झोपून घेतलं होतं त्याच खिडकीतून तिला बाहेर काढली. भावांनी गोधडीत झेलली आणि निंबाखाली खाटेवर ठेवली, झोक्याशेजारी. मग मला काढलं. अक्काला साधं खरचटलंही नव्हतं. ती हसायला लागली, मग मी, मग सगळेच. भावजयीनं चहा टाकला.

नाना मात्र चाकाशी उकिडवे बसले होते. दाराच्या बाजूची दोन्ही चाकं आसापर्यंत आत, आणि भोवती चिखल. वर बोटभर जाडीचा टणक पापुद्रा आणि खाली नुसता लगदा. "आखाजीच्या उन्हात चिखल आला कुठून?" त्यांनी विचारलं.

अक्काचा मोठा भाऊ पुढं आला. चांगला दांडगा गडी, पण मान वर होईना. म्हणाला, "बहीनले धूय नको लागाले म्हनीसन बठ्ठं आंगन भिजाडं."

बहिणीला धूळ लागू नये म्हणून. विहिरीवर मोट जुंपून दोघा भावांनी आंगणात पाणी सोडलं होतं. भेगा पाणी पीत राहिल्या, हे सोडत राहिले. भेगा मिटल्या, मग वरून चोपलं, सारवलं, उन्हानं वाळवलं. पाहुणी घर घेऊन येणार, तिला आंगण आरशासारखं दिसावं.

मला वाटलं, आता नाना भडकणार. त्यांनी त्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या बायकोचं एवढं कौतुक? मग धरली नाही तर नाही धरली. काढू आपण."

बैल आणायला माणसं गेली. नाना म्हणाले, तसंच ओढलं तर आस मोडेल, आधी चाक उचलून खाली फळ्या घालायला हव्यात. जॅक लावला, जॅकखाली फळी ठेवली, चाक थोडं उचललंही. मग फळ्या सरकवायला ते स्वतः उताणे होऊन गाडीखाली गेले. धाकटा भाऊ म्हणत होता मी जातो. ते म्हणाले, घर माझं आहे.

आम्ही चहा घेत होतो. गाडीखालून त्यांचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसत होते. मी बघत होते तेवढ्यात गाडी थोडी बसली. कसलाही आवाज झाला नाही. पाण्यात म्हैस बसते तशी. आणि नानांची टाच जमिनीवर आपटली. दोनदा.

मी हसले हो. सगळेच हसले. कोणीतरी म्हणालंही, आता काय बघताय नाना, आता तर कळलंय धरत नाही ती.

अक्का एकटी हसली नाही. ती खाटेवरून ओरडली, "ते टाच मारणं नाही ते! काढा त्यांना!" आणि जिचे पाय हलत नव्हते ती बाई हातांच्या जोरावर खाटेवरून खाली पडून त्या चिखलाकडे सरपटायला लागली.

सगळ्या गावानं गाडी उचलली. फार वेळ लागला. नको, ते मी सांगत नाही.

त्यांच्या बायकोला धूळ लागू नये म्हणून. अजूनही हे मनात आलं की मी आहे तिथं बसते. शिव्या कोणाला द्यायच्या? मी आयुष्यभर ज्याला त्याला बोलत आले, पण त्या भावांना एक शब्द बोलू शकले नाही. मोठा तर नंतर आंगणात कधी सडा घालू देत नसे. आखाजीलाही नाही.

अक्का जळगावला परत आली नाही. गाडी दगडांवर बसवून सरळ केली, चाकं काढून टाकली, आणि ती तिथंच राहिली, आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीशी. मी तिला भेटायला गेले तेव्हा पुढची आखाजी आली होती. आंगणात धूळ उडत होती, हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. झोका बांधलेला नव्हता. मी पायरीशी उभी राहिले. आत चढण्याआधी काहीतरी म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडून निघेना.

खिडकीतून अक्काचा आवाज आला. "बाई, टाच मार आधी."

मी मारली. दोनदा. माझ्या पायात झिणझिण्या आल्या, इतकी ती जमीन कडक होती.

"धरते का?"

"धरते, अक्का."

तिनं खिडकीतून हात काढून आंगणाकडे दाखवलं. मग म्हणाली, "त्या दिवशीबी धरतच होती."