झुंबरबाई उत्तर सांगत नसे

बोरीच्या झुंबरबाईला अक्षर येत नव्हतं आणि गावातल्या शाळेत उर्दू चाले. निजामाच्या राज्यात कुणब्याच्या पोरानं कोणत्या भाषेत अडाणी राहावं, एवढीच काय ती निवड होती. म्हणून झुंबरबाईनं आपल्या पोराची, पंडितची, शाळा चुलीपुढेच भरवली. कोडी घालायची आणि उत्तर सांगायचं नाही, एवढाच अभ्यासक्रम. सांगितलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं ती म्हणे.

एकदा तिनं चंबूत लाकडी मणी टाकला. चंबू हलवायचा नाही, हात-काडी घालायची नाही, मणी बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी पंडितनं चंबूत पाणी ओतलं. मणी तरंगत तोंडाशी आला.

"मंग कालपासून झोपलतास व्हय?" माय म्हणाली. हे तिचं कौतुक.

शेजारची दगडाबाई विचारी, "झुंबरे, पोराला भाकर तरी सरळ वाढतीस, का तीबी वळखायला लावतीस?"

लढाईच्या दिवसांत सरकारी लेव्हीची माणसं धान्य न्यायला निघाल्याची खबर आली. झुंबरबाईच्या नवऱ्यानं, बन्सीधरनं, ज्वारी लपवायला घाईनं पेव उघडलं. जमिनीखालच्या या कोठारात हवा नासते, म्हणून आधी दोरीनं दिवा सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही. दिवा विझला. दोरी खुंटाला तशीच बांधलेली ठेवून बन्सीधर ज्वारीची पोती आणायला गेला.

"माय, दिवा कामून इझला? तेल तर हाय," पंडितनं विचारलं.

"तूच सांग बरं," झुंबरबाई म्हणाली आणि पीठ भरायला आत वळली. सवयच तशी.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला, "माय, वात नीट हाय. वारं आसंल. खाली बगून सांगतो!"

पीठ टाकून ती धावली. दोरी हलत होती. तिनं हाका मारल्या. मग दोरीही थांबली.

बन्सीधर उतरायला निघाला, त्याला शेजाऱ्यांनी धरून ठेवलं. त्यांनी सोडलेला दुसरा दिवाही विझला. दुपारी विहिरीच्या गळानं पोराला वर काढलं. संध्याकाळी लेव्हीची माणसं आली. ज्वारीची पोती उघड्या पेवाजवळच पडली होती, शोधायचा त्यांचा त्रास वाचला.

धाकटी कस्तुरा विचारू लागली, "भाऊ कुठं गेलाय?" जमलेल्या बायका देवाच्या घराचं काही सांगणार, तोच झुंबरबाई म्हणाली, "मेला. पेवात हवा नासली व्हती. म्या सांगितलं न्हाई."

पुढं गावात कुणाचंही पेव उघडलं की ती न बोलावता तिथं जाऊन बसे आणि येईल त्याला सांगे, "उतरू नगा, आत हवा न्हाई, मरताल."

"व्हय बाई, ठाव हाय," लोक म्हणत. ती पुन्हा सांगे.

शेवटी लोक कंटाळले. पेव उघडायचं असलं की आधी एखादी बाई तिच्याकडे गप्पा मारायला धाडू लागले.