जाळलेला जबाब

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या सदरातली पत्रे सून मला वाचून दाखवते आणि मी बहुधा मध्येच उठून जातो. तरीही लिहीत आहे, कारण जे घडले ते भर सकाळी घडले, चार माणसांनी ऐकले आणि त्यांतला एक मी आहे.

अंबाजोगाई तालुक्यात, घाटनांदूरपासून सहा किलोमीटरवर आमचे गाव. तिथल्या सहकारी दूध संस्थेचा मी एकतीस वर्षे सचिव होतो.

पहिल्या दुष्काळात गावाला एक दिवसाआड टँकर येई. एका दुपारी संस्थेच्या हौदापाशी भांडण पेटले. टँकर अध्यक्षांच्या मोसंबीकडे वळवू नका, एवढेच उत्तम नावाचा गावातला पोरगा म्हणत होता. वय बावीस, अंगाने किरकोळ. गर्दी पुढच्या तोटीवर तुटून पडली होती. मागच्या बाजूला तो, अध्यक्षांचा पुतण्या अंगद आणि मी, असे तिघेच होतो. अंगदने वॉल्व्ह फिरवायचा लोखंडी पाना उचलला. पहिला घाव मागून, मानेवर. उत्तम गुडघ्यांवर आला. दुसरा कानशिलावर. तो उताणा पडल्यावर तिसरा... आडवा, डोळ्यांवर. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. सांडलेल्या पाण्याचा चिखल झाला होता. त्या वर्षी गावात तेवढाच चिखल. त्यात अंगदची डावी चप्पल रुतून राहिली आणि तो एका पायात चप्पल घालून पळाला.

त्या संध्याकाळी मी पोलिसांसाठी जबाब लिहिला. दोन पाने, सभेचे इतिवृत्त लिहावे तशी. सकाळी अध्यक्ष दारात आले.

“सेक्रेटरी, तुमी काय पाह्यलं?”

“काही नाही.”

“मंग बरं हाय.”

ते चहा न घेता गेले. दोन्ही पाने मी चुलीत घातली आणि राख होईपर्यंत तिथे बसलो. पत्नीलाही सांगितले नाही. उत्तमचे दोन्ही डोळे गेले. मारणारा पाठीमागून आला आणि दुसऱ्या घावातच शुद्ध हरपली, त्यामुळे त्याला तो दिसला नव्हता. कागदोपत्री अज्ञात इसम.

दहा वर्षांनी उत्तम पुण्याहून संगणकाचे शिक्षण घेऊन आला. त्याची नेमणूक मी करवून घेतली. सभेत विरोध झाला. मी तो मोडून काढला. का, हे कोणी विचारले नाही.

त्याचा संगणक बोलत असे. पडद्यावर येईल ते एक बाई वाचून दाखवी. माऊसला तो हात लावत नसे, सारे काम कीबोर्डवर. सोबत एक स्कॅनर होता. काचेवर छापील कागद ठेवला की यंत्र अक्षरे ओळखून वाची. हाताने लिहिलेले त्याला वाचता येत नसे. हे ध्यानात ठेवावे.

आवाजाचा वेग उत्तमने इतका वाढवला होता की आम्हाला नुसती तडतड ऐकू येई. कॅन धुणाऱ्या कौसल्याबाई त्याला रोज छेडत.

“उत्तमभाऊ, तुझी ही बाई लई फाडफाड बोलती रे. दम तरी घेती का?”

“घरची हळू बोलती, मावशे. पर तिचं दोनदा ऐकावं लागतं.”

दुसऱ्याला ऐकवायचे असले की तो एक कळ दाबून वेग कमी करी.

मग दुसरा दुष्काळ आला. संस्थेच्या आवारात चारा छावणी उघडली. अध्यक्ष वारले होते. अंगद संचालक झाला होता. त्या दिवशी दूध संकलन आटोपले होते. साडेनऊ वाजले असतील. जनावरांना पाणी पाजण्याच्या वेळांबद्दल तालुक्याहून पत्र आले होते. तीन ओळी, छापील. मीच ते पाकिटातून काढले, वाचले आणि उत्तमच्या हातात दिले. त्याने ते काचेवर पालथे ठेवले. अंगद टेबलाला टेकून उभा होता. कौसल्याबाई दारात कॅन विसळत होत्या.

तडतड सुरू झाली. तीन ओळींना लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ ती चालली. उत्तमची बोटे कीबोर्डवर थिजली.

“काय बडबडती बे ही? हळू कर की,” अंगद म्हणाला.

उत्तमने वेग अगदी कमी केला आणि मजकूर पहिल्यापासून लावला.

“मी खाली सही करणार, असा जबाब लिहून देतो की...”

वाक्यरचना माझी होती. शब्द माझे होते. मानेवर पहिला घाव, कानशिलावर दुसरा, तिसरा आडवा — ती बाई सपाट आवाजात, टँकरची पाळी सांगावी तसे वाचत गेली. अंगदचे पूर्ण नाव आले. चिखलातली डावी चप्पल आली. “मी पाच पावलांवर उभा होतो.” इथे माझा जबाब संपला होता. तिने आणखी एक वाक्य वाचले.

“मी मध्ये पडलो नाही.”

हे मी लिहिले नव्हते.

अंगदने स्कॅनर उचलून भिंतीवर आपटला. काच फुटली. मग त्याने उत्तमला खुर्चीसकट खाली पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी गळा दाबला. उत्तमने चाचपडत त्याचा अंगठा तोंडात धरला आणि सोडला नाही. रक्त हनुवटीवर आले. अंगदने मोकळ्या हाताने कोपऱ्यातला दुधाचा रिकामा कॅन ओढला व त्याच्या डोक्यावर उगारला. या वेळी अंतर दोन पावले होते. मी मध्ये गेलो. कॅन माझ्या डाव्या हातावर बसला; हाड मोडले. दुसरा घाव खांद्यावर. तिसऱ्याच्या आधी कौसल्याबाईंनी कॅनचे झाकण अंगदच्या कपाळावर हाणले. “मुडद्या, आंधळ्याला अजून किती मारशील!” असे त्या ओरडत होत्या आणि हाणत होत्या. छावणीतली माणसे धावत आली तेव्हा तो भिंतीशी बसला होता, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून.

काचेच्या तुकड्यांखालचा कागद मी स्वतः उचलला. तेच पत्र. तीन ओळी.

अंबाजोगाईच्या मेकॅनिकने संगणक तपासला. त्या वेळी वाचलेला मजकूर त्यात साठवलेला होता — पाणी पाजण्याच्या वेळा. दुसरे काही नाही. मला भास झाला म्हणावे, तर चौघांनाही झाला. कौसल्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी ठाण्यात सांगितलेली वाक्ये माझ्या जाळलेल्या जबाबाशी शब्दशः जुळली.

हात गळ्यात बांधलेला असताना मी जबाब पुन्हा लिहून दिला. शेवटचे वाक्य धरून. प्रकरण न्यायालयात आहे. त्याविषयी येथे लिहीत नाही.

हात बरा होईपर्यंत उत्तम माझ्याशी बोलला नाही. नवा स्कॅनर आल्याचे कळले तेव्हा जबाबाची कार्बनप्रत घेऊन मी गेलो व त्याच्यासमोर ठेवली.

“कशाचा कागद हाय?”

“माझा. बारा वर्षे उशिरा.”

त्याने तो काचेवर ठेवला, कडा बोटांनी जुळवल्या, कळ दाबली. बाई म्हणाली, “मजकूर आढळला नाही.” त्याने पुन्हा दाबली. तेच उत्तर.

“मंग त्या दिशी काहून वाचलं हिनं, सेक्रेटरीसाहेब?”

मला ठाऊक नव्हते. आजही ठाऊक नाही.

उत्तमने कागद काढून माझ्या दिशेने धरला आणि यंत्राचा आवाज बंद केला.

“मंग तुमी वाचा,” तो म्हणाला. “हळू.”

मी उभ्यानेच वाचला. शेवटच्या वाक्यापर्यंत.